वर राहिलेली मूठ

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट डोळ्यांचीच आहे. अजून घडायची आहे, पण फार लांबची नाही. तुमच्यातले बरेच जण तोवर असतील. जे नसतील त्यांचंही काहीतरी मागे राहिलेलं असेल, आणि मला सांगायचंय ते त्या मागे राहिलेल्याबद्दलच. नागपूरच्या एका बास्केटबॉलच्या हॉलमध्ये एक माणूस मेल्यानंतर अकरा महिन्यांनी मूठ वर करून उभा राहिला आणि ती मूठ खाली येईना. ऐका.

त्या माणसाचं नाव मनोहर बारापात्रे. दिवसा शाळेत खेळाचा शिक्षक, सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलचा पंच, आणि एकादशीला रामाच्या देवळात कीर्तनकारांच्या मागे टाळ धरून उभा राहणारा टाळकरी. त्याची पंचगिरीतली जोडीदार कुंदा गावंडे, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. ती त्याला दादा म्हणायची. वीस वर्षं दोघांनी एकत्र शिट्टी वाजवली.

आता खेळातलं एवढंच समजून घ्या. एक खेळाडू चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी मारतो, दुसरा त्याला आडवा येतो, दोघांची धडक होते. चूक कोणाची? आडवा येणारा आधीच समोर तोंड करून, पाय टेकून, आपली जागा धरून असेल आणि धडक त्याच्या छातीवर बसली, तर चूक धावणाऱ्याची. तो चार्ज. जागा धरायच्या आधीच तो मध्ये घुसला असेल, तर चूक आडवणाऱ्याची. तो ब्लॉक. पापणी लवते तेवढ्यात सगळं संपतं. चार्जची खूण म्हणजे मूठ तळहातावर आपटायची. ब्लॉकची खूण म्हणजे दोन्ही हात कमरेवर. मनोहरदादा नव्या पंचांना शिकवताना म्हणायचा, "ब्लॉक सोपा आहे रे. विटेवर उभं राहायचं."

पंच दोन. एक बास्केटखाली, पुढचा. दुसरा खेळाच्या पाठीमागे, मागचा. मैदान दोघांत वाटलेलं असतं. मुसंडी मागच्याच्या हद्दीतून निघाली आणि तिथलाच रक्षक तिच्यासोबत सरकत आला, तर शेवटपर्यंत निर्णय मागच्याचा. बास्केटखालून नवाच रक्षक मध्ये उतरला, तर पुढच्याचा. पण धडक झाली की दोघांच्याही शिट्ट्या वाजू शकतात. तेव्हा रीत अशी, की दोघांनी नुसती मूठ वर करायची, खूण करायची नाही आणि आधी एकमेकांकडे बघायचं. ज्याची हद्द नाही त्यानं मूठ खाली घ्यायची. न बघता एकानं ब्लॉक दाखवला आणि दुसऱ्यानं चार्ज, तर अख्ख्या हॉलसमोर शोभा. नागपूरच्या पंचांत त्याला 'खिचडी' म्हणत.

"आमच्या कीर्तनात असंच असतं," दादा कुंदाला सांगायचा. "बुवांनी श्वास घेतला की आम्ही धृपद उचलायचं. दोघांनी दोन पट्ट्यांत उचललं तर? एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं आणि एकानं गिळायचं. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही, कोणी गिळलं ते."

एका राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या जोडीची खिचडी झाली. शेवटची चार सेकंदं. मुसंडी दादाच्या हद्दीतून निघाली, रक्षक तिथलाच. धडक कुंदाच्या पुढ्यात झाली. दोन शिट्ट्या वाजल्या. दादाचे हात कमरेवर गेले. त्याच क्षणी कुंदानं मूठ तळहातावर आपटली. हॉल हसायला लागला. दोघं मध्यभागी आले.

"माझ्या पुढ्यात झालं, दादा. मी जवळ होते. चार्जच आहे," कुंदा म्हणाली आणि एक पाऊल पुढे आली.

दादानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या वर्षी तिचं नाव राष्ट्रीय यादीत जायचं होतं. त्यानं हात खाली सोडले.

चार्ज राहिला, धडकेतही पडलेली बास्केट रद्द झाली, मुसंडी मारणाऱ्याचा संघ एका गुणानं हरला. दुसऱ्या दिवशी चित्रफीत बघून पंचमंडळानं सांगितलं, स्वच्छ ब्लॉक होता. निर्णय कोणाचा, अशी विचारणा झाली. दादानं कागदावर लिहून दिलं: हद्द माझी, शेवटचा निर्णय माझा, तो चुकला. कुंदानं तो कागद वाचला, काही बोलली नाही. दादाचं नाव राज्याच्या यादीतून गेलं. कुंदाचं राष्ट्रीय यादीत आलं. त्यानंतर दादा जिल्ह्याचे सामनेच करत राहिला आणि कुंदा वेळ काढून त्याच्याबरोबर उभी राहायची. लोक म्हणायचे, किती मोठ्या मनाची बाई आहे. हे ऐकलं की तिला घास गिळवत नसे.

मग यंत्र आलं. आधी लोकांनी कॅमेऱ्यांनी ब्लॉक-चार्ज मोजून बघितला होता. पाय कोणत्या क्षणी टेकला, खांदा किती अंशांनी वळला, सगळं मोजलं. पण पाय हलला म्हणून ब्लॉक होतोच असं नाही. मोजमाप बरोबर असायचं आणि निर्णय वेडगळ. तेव्हा डॉ. तनुजा पिंपळापुरे या नागपूरच्याच संशोधक बाईंनी उलटा विचार केला: धडक मोजण्याऐवजी बघणाऱ्याला मोजू. पंचांना एक हलका चष्मा आणि गळ्याला एक पट्टी दिली. नजर कुठून कुठे जाते, डोळ्यातली बाहुली कधी मोठी होते, शिट्टीच्या आधी श्वास कधी अडतो, हे त्यात नोंदलं जाई. माणसाचा निर्णय शिट्टीच्या बराच आधी शरीरात तयार होतो, पाव-अर्धा सेकंद आधी. तीन हंगामांच्या नोंदींवरून यंत्र त्या पंचाचं बघणं शिकायचं. अमुक मुसंडी अमुक माणसानं बघितली असती तर त्याचा श्वास कुठे अडला असता, हे ते सांगू लागलं. या प्रतिकृतीला सगळे सावली म्हणू लागले.

सावली उभी राहायची एका खांबावर. मैदानाभोवती रूळ, त्यावर माणसाच्या वेगानं पळणारा पुरुषभर उंचीचा खांब, वर वळणारा कॅमेरा, एक शिट्टी आणि एक दिवा. पिवळा दिवा म्हणजे मूठ वर. पांढरा म्हणजे 'तुझा'. निळा म्हणजे 'माझा', आणि मग निर्णय जोडीदाराच्या कानात.

दादा भाद्रपदात गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. तेराव्यानंतर तनुजाबाई कुंदाला घेऊन त्याच्या बायकोकडे, इंदूवहिनींकडे, परवानगी मागायला गेल्या.

"त्यांचे डोळे?" वहिनी म्हणाल्या. "घरात साखरेचा डबा कोणता ते तीस वर्षं दिसलं नाही त्या माणसाला, आणि तुम्ही त्यांचे डोळे मागून राहिल्या!" हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "घ्या. पण आवाज नाही देणार. आवाज घरातच राहू द्या."

म्हणून सावली परक्या, कोऱ्या आवाजात बोलायची. पण पळायची त्याच्यासारखी. दादा वळताना उजवा खांदा थोडा पाडायचा, तसा कॅमेरा वळताना किंचित कलायचा. पहिल्या दिवशी कुंदानं ते बघितलं आणि तिच्या हातातला चेंडू सुटला. खेळाडू त्या खांबालाच दादा म्हणू लागले. दोन शिट्ट्या झाल्या की पिवळा दिवा लागे, कॅमेरा धडक सोडून कुंदाच्या चेहऱ्याकडे वळे, थांबे, आणि पांढरा दिवा लागे. तुझा. दर वेळी तुझा. कुंदाला वाटायचं, हिवाळ्याच्या उन्हात कोणीतरी आपल्या पाठीशी येऊन उभं आहे आणि काही विचारत नाही. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या श्रावणात एका बुधवारी तनुजाबाईंनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. दादाची सावली अमरावतीच्या स्पर्धेत दुसऱ्या पंचाबरोबर लावली होती.

"हे बघा, कुंदाताई."

पडद्यावर धडक झाली. दोन शिट्ट्या. खांबाचा पिवळा दिवा लागला. कॅमेरा जोडीदार पंचाकडे वळला, पुढे सरकला, बास्केटखालच्या रिकाम्या जागेवर थांबला. मग दुसऱ्या बास्केटखाली. मग प्रेक्षकांवरून एकेक रांग फिरू लागला. दिवा पिवळाच. पंच गोंधळलेला, खेळाडू कमरेवर हात देऊन उभे, आणि कॅमेरा अजून फिरतोय.

"काय बघून राहिला आहे तो?" कुंदानं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"तुम्हाला शोधतोय," तनुजाबाई म्हणाल्या. "घाबरू नका, भूतबित काही नाही. यंत्र दोन गोष्टी शिकलं. दादांना काय दिसलं, आणि ते कधी सोडून द्यायचे. हद्द त्यांची, निर्णय तयार, श्वास अडलेला, अशा एक्केचाळीस जागा आहेत नोंदीत. प्रत्येक ठिकाणी त्यांनी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सोडून दिलं. तुमचा चेहरा हा त्यांच्या निर्णयाचा शेवटचा टप्पा झालाय. चेहरा नसेल तर मूठ वरच राहते."

कुंदानं चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली.

"त्यात मंडळाच्या दफ्तरातला तो जुना कागद आहे. 'हद्द माझी, शेवटचा निर्णय माझा, तो चुकला.' यंत्र सुरुवातीलाच शिकलं की या माणसाला स्वतःची हद्दसुद्धा नीट दिसत नाही. आता बघणं आणि सोडणं वेगळं करायचं, तर कोणीतरी खरं सांगायला हवं. या एक्केचाळीस जागा, आणि तो एक सामना. कोणाची हद्द, कोण बरोबर. तिथे दुसरं कोणीच नव्हतं, ताई. तुम्हीच होता. नाहीतर रविवारच्या फायनलनंतर मंडळ ही सावली पुसून टाकणार आहे."

"आणि खरं सांगितलं तर? तो माझ्याकडे बघेल का?"

तनुजाबाईंनी चष्मा काढून पुसला. "नाही. मग त्याला गरज राहणार नाही."

कुंदाच्या पिशवीत मंडळाचं पत्र होतं. फायनल झाली की ती राज्याच्या पंचमंडळाची प्रमुख होणार होती. तो जुना कागद खोटा ठरला, तर ते पद जाणार आणि शिट्टीही जाणार. गप्प राहिली, तर दादा दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी तिच्या हातानं.

गुरुवारी सकाळी ती वहिनींकडे गेली. वहिनी देवापुढे वाती वळत बसल्या होत्या. कुंदानं सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खिचडी, पुढे टाकलेलं ते पाऊल, तो कागद.

वहिनींचा हात थांबला नाही. "मले त्यांनी काही सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी घरी आले, पाय धुतले आणि इथे, विठोबाच्या तसबिरीपुढे, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. मी म्हटलं, अहो, हात जोडायचे सोडून हे काय? देवाची नक्कल करता? तर म्हणाले, 'आज मी हे केलं होतं, इंदू. बरोबर केलं होतं. आता कोणाला दाखवायचं नाही, तर यालाच दाखवून ठेवतो.'"

कुंदा उठली आणि बाहेर ओसरीत जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं वहिनी चहा घेऊन आल्या. "प्या. साखर कमी आहे. डबा सापडत नव्हता," त्या म्हणाल्या, आणि दोघी एकदम हसल्या आणि रडल्या.

रविवारी दुपारी फायनल. हॉल भरलेला. वहिनी पहिल्या रांगेत, तनुजाबाई यंत्राच्या टेबलाशी. बरोबरीचा सामना शेवटच्या मिनिटात आला, आणि मागच्याच्या हद्दीतून मुसंडी निघाली. तिथलाच रक्षक सोबत सरकत आला. कुंदा बास्केटखाली होती. धडक तिच्या पुढ्यात झाली.

शिट्टी वाजली. खांबाचीही वाजली. तिची मूठ वर गेली. पलीकडे पिवळा दिवा लागला, आणि उजवीकडे किंचित कलत कॅमेरा तिच्याकडे वळला.

तिला चार्ज दिसला होता. अगदी स्पष्ट. इतकी वर्षं असाच स्पष्ट दिसत आला होता. ती नुसती पुढे सरली असती तर पांढरा दिवा लागला असता.

तिनं मूठ खाली घेतली.

कॅमेरा तिच्यावरून हलला नाही. दिवा पिवळाच. एक सेकंद, दोन, तीन. कुंदानं आजवर त्याच्यासमोर एकदाही सोडलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते त्या यंत्राला कोणी शिकवलेलंच नव्हतं. वरच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "दादाची बॅटरी संपून राहिली! अरे, चार्जला लावा त्यांना!" हॉल हसला. तेच हसणं, कुंदाला वाटलं. तोच हॉल आहे हा.

तेव्हा तिला टाळकऱ्यांची रांग आठवली. ती एक पाऊल मागे गेली. मग अजून एक. मागे उभं राहणाऱ्याच्या जागेवर जाऊन थांबली आणि मान खाली घालून हळूच म्हणाली, "तुझा आहे, दादा. तेव्हाही तुझाच होता."

खांब हलला नाही. पण कॅमेरा तिच्यावरून सुटला, पुन्हा धडकेच्या जागेकडे गेला, आणि निळा दिवा लागला. कोणी कधी न बघितलेला निळा दिवा. तिच्या कानात तो कोरा आवाज म्हणाला, "माझा. ब्लॉक."

कुंदानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. टेबलाकडे तोंड करून, पाय जुळवून, सरळ. नियमात सेकंदभर पुरतं. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. पहिल्या रांगेत इंदूवहिनींनी हात जोडले, आणि ते कोणाला जोडले ते त्यांनाच ठाऊक.

सामना संपल्यावर तिनं टेबलाशीच बसून कागद लिहिला: हद्द मनोहर बारापात्रे यांची, ब्लॉकचा त्यांचा निर्णय बरोबर, चार्ज माझा, हट्ट माझा, आणि मी गप्प राहिले. मग दोन दिवस प्रयोगशाळेत बसून तिनं एकेक चित्रफीत बघितली. एक्केचाळिसांत दादा चौतीस वेळा बरोबर होता.

"आणि माझी सावली?" शेवटी तिनं विचारलं. "ती पण बनवली आहे ना तुम्ही?"

"आहे. गोंदियाला चालू आहे." तनुजाबाई जरा घुटमळल्या. "ती कधी सोडत नाही, ताई."

"रविवारी सोडलंय मी. ते शिकवा तिला."

"एका वेळेवरून यंत्र शिकत नाही हो."

कुंदा पडद्याकडे बघत राहिली. आपण गेल्यावरही कुठल्यातरी हॉलमध्ये एक खांब असाच पुढे पुढे सरकत राहणार, कोणाच्या तरी तोंडावर. आयुष्यात तिला कसली भीती वाटली असेल तर ती याची.

पद दुसऱ्याला मिळालं. शिट्टी मंडळानं काढून घेतली. पुढच्या हंगामात कुंदा इंदूवहिनींबरोबर प्रेक्षकांत बसली होती. दादाची सावली एका नव्या पंचाबरोबर पळत होती. धडक झाली, दोन शिट्ट्या वाजल्या. पिवळा दिवा. कॅमेरा जोडीदारावर क्षणभर टेकला आणि निळा दिवा लागला. प्रेक्षकांकडे तो वळलाच नाही. कुंदा नकळत अर्धी उठली होती, ती खाली बसली.

"बघितलं नाही ना तुमच्याकडे?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"माझ्याकडेही कधी बघितलं नाही सामना चालू असताना," वहिनी म्हणाल्या आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन बसल्या.

गोष्ट संपली. आता उठताना माझं एक मागणं आहे. कधी कुठल्या मैदानावर दोन शिट्ट्या एकदम वाजल्या, किंवा कीर्तनात दोन सूर एकदम उठले आणि त्यातला एक गुपचूप थांबला, तर जो थांबला त्याच्याकडे एकदा बघा. आणि रामाच्या देवळात मागच्या रांगेत टाळ धरून उभा राहणारा, घरी येऊन फक्त देवालाच आपला खरा निर्णय दाखवणारा मनोहर बारापात्रे मनात आणा. एवढी त्याची आठवण ठेवा.